मातीतला मास्तर : जॉन लॉकवूड किपलिंग

गेल्या वर्षी आमच्या इतिहास विभागाची सहल मुंबईला गेली होती. गेटवे, म्युझियम, राणीचा बाग असे सर्व यथासांग पाहून झाल्यावर सर आम्हाला क्रॉफर्ड मार्केटपाशी घेऊन आले. आता त्याचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. बरोबरची मुले समोरच्या दुकानांत खरेदीला पांगली. मी मात्र दाराशी मान वर करून उभा राहिलो. प्रवेशद्वारांच्या कमानींवर दगडात कोरलेली अर्धवर्तुळाकार शिल्पे आहेत. त्यांत देव नाहीत, राजे नाहीत, घोड्यावर बसलेले सेनापती नाहीत. शेतात राबणारी, ओझी वाहणारी आपली साधी माणसे आहेत. सायखेड्याच्या बाजारात रोज दिसतात तशी! ही शिल्पे कोणी केली म्हणून मी सरांना विचारले. सरांनी किपलिंगचे नाव सांगितले. 'जंगल बुक'वाला किपलिंग दगडही कोरत होता की काय, असे मी अज्ञानाने विचारून बसलो. सर हसले आणि म्हणाले, की तो नव्हे, त्याचा बाप.

त्या दिवसापासून हा बाप माझ्या मनात घर करून राहिला. मुलाचे नाव जगभर झाले आणि बापाचे नाव त्याच्या सावलीत गेले. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या आवारातला बंगलासुद्धा ओळखला जातो तो मुलाच्या जन्मस्थानाचा म्हणून. परंतु जसजसे मी त्याच्याविषयी वाचत गेलो तसतसे मला वाटू लागले, की ह्या बापाची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. कारण हा मनुष्य मुळात मातीकाम करणारा होता.

आणि हे मी लिहितो आहे त्यालाही कारण आहे. आमच्या घरी चाक होते. आजोबा त्यावर बसत. गोदावरीच्या काठची माती, तीत घोड्याची लीद नि राख, मग तुडवणे, मळणे, आणि चाकावरून उतरलेले मडके थापीने थापून थापून वाढवणे, हे मी लहानपणी रोज पाहिले आहे. संक्रांतीची सुगडे, आखाजीच्या करा-केळी, पोळ्याचे बैल, उन्हाळ्याचे माठ असे आमचे वर्ष मातीच्या हिशेबाने चाले. वडिलांनी चाक सोडले आणि ते कांद्याच्या मार्केटात मापारी झाले. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गोदामाईचे पाणी घरात शिरले, तेव्हा भाजायची राहिलेली आजोबांची शेवटची मडकी पाण्यात विरघळून पुन्हा माती झाली. असो. सांगायचे आहे ते लॉकवूडविषयी.

जॉन लॉकवूड किपलिंगचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात पिकरिंग ह्या गावी झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. घरात भक्ती भरपूर आणि पैसा बेताचा. १८५१ साली लंडनला काचेच्या प्रचंड महालात जगातले पहिले मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. ते ह्या चौदा वर्षांच्या पोराने पाहिले आणि आपण कलावंतच व्हायचे असा त्याने निश्चय केला. त्या प्रदर्शनात हिंदुस्थानचाही विभाग होता. आपल्याकडच्या शाली, किनखाबी वस्त्रे, कोरीवकाम हे सारे पाहून तिकडचे जाणकार थक्क झाले होते. यंत्रावर काढलेल्या आपल्या मालापेक्षा हे हाताचे काम सरस कसे, हा प्रश्न त्यांना तेव्हापासून छळू लागला. हा प्रश्न पुढे लॉकवूडच्या सबंध आयुष्याला पुरला.

शिक्षण संपल्यावर तो स्टॅफर्डशायरमधल्या बर्स्लेम गावी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागला. पिंडर, बोर्न आणि मंडळी हे त्या कारखान्याचे नाव. बर्स्लेम म्हणजे इंग्लंडचा कुंभारवाडाच म्हणा ना! बाटलीच्या आकाराच्या उंचच उंच भट्ट्या, दगडी कोळशाचा धूर, आणि गावातले बहुतेक हात मातीत. मात्र आपल्या कुंभारवाड्यात आणि त्यात एक मोठा फरक होता. आपल्याकडे माती आणण्यापासून आवा लावण्यापर्यंत सगळे एकाच घरातली माणसे करतात. तिकडे एक माणूस नुसती माती कालवणार, दुसरा नुसते कान चिकटवणार, तिसरा नुसती झिलई चढवणार. नमुना बनवणारा एकदाच मूळ आकृती घडवतो, तिचा प्लॅस्टरचा साचा काढतात, आणि त्या साच्यातून शेकड्याने प्रती निघतात. लॉकवूड हा असा नमुने घडवणारा झाला. दिवसा कारखाना आणि संध्याकाळी जवळच्या कलाशाळेत चित्रकलेचे धडे, असा त्याचा क्रम होता.

मला वाटते, त्याच्या पुढच्या सर्व मतांचे मूळ इथे आहे. साच्याने काय मिळते आणि काय जाते, हे त्याने पुस्तकात वाचले नव्हते, स्वतःच्या बोटांनी अनुभवले होते. हस्तकलेविषयी इंग्लंडात त्या काळी पुष्कळ विद्वान बोलत होते. त्यांपैकी फार थोड्यांची नखे मातीने भरलेली होती.

तिथून तो लंडनला गेला. साऊथ केन्सिंग्टनचे म्युझियम, म्हणजे आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, तेव्हा उभे राहत होते. तेथे भाजक्या मातीच्या सजावटीच्या कामात त्याने भाग घेतला. म्युझियमच्या अंगणातल्या भिंतीवर ती वास्तू घडवणाऱ्या मंडळींची एक पट्टिका आहे आणि तीत दाढीवाला लॉकवूडही आहे. दरम्यान बर्स्लेमच्या लोकांनी आपल्या गावचा थोर कुंभार जोसाया वेजवूड ह्याच्या स्मरणार्थ एक संस्था बांधायचे ठरवले. १८६३ साली तिची कोनशिला बसली. ह्या इमारतीच्या सजावटीचा आराखडा वास्तुकार रॉबर्ट एडगर आणि लॉकवूड ह्या दोघांचा. दर्शनी भिंतीवर वर्षाचे बारा महिने आणि मातीची भांडी घडवण्याच्या एकेक क्रिया भाजक्या मातीत उठवलेल्या आहेत. गावाने आपला धंदाच आपल्या भिंतीवर कोरून ठेवला! आपल्याकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चाक, थापी नि आवा कोरलेला मी तरी अजून पाहिलेला नाही.

त्याच वर्षी रुडयार्ड नावाच्या तळ्याकाठी एका वनभोजनात त्याची ॲलिस मॅकडोनाल्ड हिच्याशी ओळख झाली. तीही मेथडिस्ट उपदेशकाचीच मुलगी, हजरजबाबी आणि विलक्षण तल्लख. तिची एक बहीण एडवर्ड बर्न-जोन्स ह्या विख्यात चित्रकाराला दिलेली होती. मार्च १८६५ मध्ये दोघांचे लग्न झाले आणि पुढच्याच महिन्यात ती बोटीने मुंबईला निघाली. मुंबईच्या कलाशाळेत वास्तुशिल्पाचा अध्यापक म्हणून त्याला नोकरी मिळाली होती.

ही कलाशाळा म्हणजे आपले जे. जे. सर जमशेटजी जीजीभाई ह्यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ती १८५७ साली सुरू झाली. लॉकवूड आला तेव्हा तिला स्वतःची इमारतही नव्हती, तात्पुरत्या छपरांत वर्ग भरत. आजची इमारत १८७८ ची, म्हणजे तो मुंबई सोडून गेल्यानंतरची. मुंबईची त्या वेळची अवस्था मोठी विचित्र होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि १८६५ साली युद्ध संपताच तो भाव कोसळून बड्या बड्या पेढ्यांची दिवाळी निघाली होती. पण किल्ल्याचे तट पाडून नवे शहर बांधण्याचे काम थांबले नाही. ह्या इमारतींना कमानी हव्या होत्या, खांबांच्या माथ्यांवर पाने-फुले-पक्षी हवे होते, आणि ते कोरणारे हात हवे होते. लॉकवूड आणि त्याचे विद्यार्थी ह्या कामाला जुंपले गेले. क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये पुरे झाले. इमारत विल्यम इमर्सनची, दारावरची शिल्पे आणि आतल्या कारंज्यावरचे कोरीवकाम लॉकवूडचे.

३० डिसेंबर १८६५ रोजी त्याला मुलगा झाला. ज्या तळ्याकाठी आईबापांची ओळख झाली त्याचेच नाव मुलाला ठेवले, रुडयार्ड! हे पोर आयाच्या नि घरच्या नोकरांच्या हाताखाली वाढले, इंग्रजीआधी त्यांचीच बोली बोलू लागले, आणि बापाच्या कार्यशाळेत रंगाच्या वासात नि मातीच्या गोळ्यांत खेळले. पुढे म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात त्याने त्या मातीच्या गोळ्यांची आठवण आवर्जून काढली आहे.

आता आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो. थळघाटातून आगगाडी नुकतीच सुरू झाली होती आणि मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेली साहेब मंडळी हवापालटासाठी नाशिकला येऊ लागली होती. किपलिंग कुटुंबही आले होते. त्या मुक्कामातली एक गोष्ट त्या घराण्यात सांगितली जाई. लहानगा रुडयार्ड एका शेतकऱ्याचा हात धरून नांगरलेल्या रानातून चालू लागला, आणि आईने हाक मारली तेव्हा त्याने मागे वळून तिला निरोप घेतल्यासारखे सांगितले, की हा माझा भाऊ आहे. लेखक लोक ही गोष्ट सांगतात ती मुलाचे कौतुक म्हणून. मला मात्र राहून राहून वाटते ते त्या शेतकऱ्याविषयी. तो कोणत्या गावचा, त्याचे नाव काय, पुढे त्याचे काय झाले, ह्याची कोणी नोंद ठेवली नाही. गोदाकाठचा कोणीतरी आपलाच माणूस असणार, पण गोष्टीत तो नुसता शेतकरी.

ही नावाची गोष्ट मी मुद्दाम काढली. १८७० च्या सुमारास सरकारने लॉकवूडला देशातल्या कारागिरांची चित्रे काढण्यासाठी फिरतीवर पाठवले. त्याने पेन्सिलीने आणि शाईने काढलेली ती चित्रे आज लंडनच्या म्युझियममध्ये आहेत. सिमल्याच्या एका लाकूड कोरणाऱ्याचे चित्र त्यांत प्रसिद्ध आहे. ग्रंथालयातल्या एका पुस्तकात त्याची छपाई मी पाहिली. मन लावून काम करणाऱ्या माणसाच्या अंगाला जो एक बाक येतो, तो ह्या चित्रकाराला नेमका दिसला आहे. हे चित्र कीव करून काढलेले नाही आणि गंमत म्हणूनही नाही. एका कारागिराने दुसऱ्या कारागिराकडे पाहिले आहे. तरीही त्या कारागिराचे नाव चित्राखाली नाही. त्याची ओळख एवढीच, की तो लाकूड कोरतो.

त्याच वर्षांत जे. जे. मध्ये मातीकामाचाही एक प्रयोग झाला. तो चालवला जॉर्ज टेरी ह्या तेथील अधीक्षकाने. सिंधमधून झिलईची भांडी करणारे वाकबगार कुंभार आणले, निळ्या-हिरव्या-पिवळ्या झिलईच्या सुरया नि फुलदाण्या बनू लागल्या, आणि त्यांवर अजिंठ्याच्या चित्रांतल्या आकृती रंगवल्या जाऊ लागल्या. युरोपात त्यांना मागणी आली. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्यांतल्या काही आपल्याला बघायला मिळतात. सुंदर आहेत, ह्यात शंका नाही. पण खरे सांगू? अजिंठ्याची राजकन्या पोटावर घेतलेल्या त्या सुरईत पाणी कोणी भरायचे? ती दिवाणखान्यात ठेवण्यासाठी जन्मली आणि दिवाणखान्याची तऱ्हा बदलताच तिची चालही गेली. गावच्या कुंभाराला तिचा वाराही लागला नाही.

१८७५ साली लॉकवूडची लाहोरला बदली झाली. तेथे नव्या मेयो कलाशाळेचा तो पहिला प्राचार्य आणि त्याच वेळी लाहोर म्युझियमचा, अर्थात अजायबघराचा, व्यवस्थापक झाला. ही दोन्ही कामे त्याने १८९३ पर्यंत केली. त्याच्या आयुष्यातला हाच काळ खरा मोलाचा.

त्या काळी हिंदुस्थानातल्या सरकारी कलाशाळांत काय शिकवत, ते जाणून घेतले पाहिजे. ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रती विलायतेहून मागवायच्या आणि मुलांनी त्या वर्षानुवर्षे पेन्सिलीने उतरवायच्या. अंगणातल्या देवळाकडे किंवा मशिदीकडे पाठ करून! लॉकवूडने लाहोरात ही तऱ्हा फिरवली. त्याने मुलांना वजीरखानाच्या मशिदीत नेऊन बसवले. सतराव्या शतकातली ही मशीद झिलईच्या फरश्यांच्या कामासाठी, ज्याला तिकडे काशीकारी म्हणतात, त्यासाठी नावाजलेली आहे. भिंतीच्या भिंती निळ्या, पिवळ्या, हिरव्या वेलबुट्टीने भरलेल्या. मुलांनी त्या वेली रंगांसह कागदावर उतरवल्या. त्यांतून एक गोष्ट साधली. पडझड होणाऱ्या कामाची नोंद झाली आणि उतरवणाऱ्याच्या हातात ती वेल उतरली. बर्स्लेमच्या भट्टीवर वाढलेल्या माणसाला ह्या झिलईची किंमत कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याने दुसरीही गोष्ट केली. शाळेत घ्यायची ती मुले शक्यतो कारागिरांचीच, सुतार-लोहारांच्या घरातली, असा आग्रह धरला आणि त्यांना विद्यावेतन मिळेल अशी व्यवस्था ठेवली. बापाचा धंदा विसरायला लावणारी शाळा त्याला नको होती, तोच धंदा नीट करायला शिकवणारी हवी होती. मी हे वाचले तेव्हा पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले. मी शाळेत गेलो आणि चाकावरून उठलो. आमच्या घरी ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्धच मानल्या गेल्या. त्या तशा असायलाच हव्या होत्या का, असे मला कोणी आजवर विचारलेले नव्हते.

ह्या शाळेत पहिल्याच वर्षांत अमृतसरचा एक सुतारघरचा मुलगा आला. त्याचे नाव रामसिंग. हाताने अतिशय चलाख, नक्षी उचलण्यात तरबेज. लॉकवूडने त्याला शिकवले, आपल्याबरोबर कामाला घेतले, आणि हळूहळू शिष्याचा सहकारी झाला. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कनॉट ह्याच्या बॅगशॉट पार्क येथील वाड्यात हिंदी पद्धतीची एक खोली करायची होती, तिचे लाकडी कोरीवकाम लाहोरच्या शाळेने केले. ते पाहून राणीलाही तसेच दालन हवेसे वाटले. तेव्हा १८९१ च्या सुमारास रामसिंगला इंग्लंडला पाठवले गेले आणि वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाऊसमध्ये दरबार हॉल उभा राहिला. चुनखडीच्या मुलाम्यासारख्या शुभ्र साहित्यात केलेली ती सगळी वेलबुट्टी आणि शेकोटीवरचा तो पिसारा फुलवलेला मोर आजही लोक जाऊन पाहतात. राणीच्या आज्ञेने रामसिंगचे तैलचित्र काढले गेले, नावानिशी! पुढे अमृतसरच्या खालसा कॉलेजची देखणी इमारत ह्याच रामसिंगने आखली. लाहोर म्युझियमची नवी इमारत तर गुरुशिष्यांनी मिळूनच केली.

देशोदेशींची प्रदर्शने हा लॉकवूडच्या कामाचा आणखी एक भाग होता. कलकत्त्याचे १८८३-८४ चे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन, लंडनचे १८८६ चे वसाहतींचे प्रदर्शन, अशा ठिकाणी पंजाबच्या कारागिरीची मांडणी त्याने केली. १८८४ साली हिंदी कलांना वाहिलेले एक नियतकालिक लंडनहून निघू लागले. त्याच्या संपादनाचे काम त्याने पाहिले आणि पंजाबातल्या कलांवर, त्या वजीरखानाच्या मशिदीवरसुद्धा, त्यात लिहिले. उत्तम रंगीत छपाईचे हे नियतकालिक म्हणजे हिंदी कारागिरीची परदेशांत गेलेली पत्रेच होती म्हणायला हरकत नाही. म्युझियमच्या बाबतीतही तेच. गांधार शैलीच्या बुद्धमूर्ती त्याच्या देखरेखीखाली लाहोरात मांडल्या गेल्या. ग्रीक वळणाची वस्त्रे आणि बुद्धाचा चेहरा असे ते शिल्प म्हणजे दोन संस्कृतींनी पूर्वीच केलेले सहकार्य होय. पुढे रुडयार्डने 'किम' कादंबरीच्या सुरुवातीलाच तिबेटातून आलेल्या लामाला हे अजायबघर दाखवणारा एक पांढऱ्या दाढीचा सज्जन व्यवस्थापक रंगवला. तो म्हणजे हा आपला लॉकवूड.

इथवर वाचून कोणास वाटेल, की मी साहेबाची आरती ओवाळतो आहे. तसे नाही. तो साम्राज्याचा नोकर होता आणि ते साम्राज्य त्याला योग्यच वाटत होते. १८७७ साली दिल्लीला व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित करण्याचा दरबार भरला, त्यातली राजेरजवाड्यांची निशाणे ह्यानेच आखली. दक्षिणेत आणि आपल्या महाराष्ट्रात त्या साली माणसे दुष्काळाने मरत होती. इंग्रजी शिकलेल्या हिंदी लोकांविषयी त्याने वर्तमानपत्रांत जे लिहिले त्यात उपहासाचा सूर आहे. त्याला आपला कारागीर आवडे, पण तो कारागीर म्हणूनच आवडे. तोच उद्या हक्क मागायला उभा राहिला असता तर? ह्या प्रश्नाचे उत्तर लॉकवूडच्या बाजूने देणे मला तरी कठीण जाते. शिवाय मँचेस्टरच्या कापडाने इथला माग बसवायचा आणि मग बसलेल्या विणकराचे चित्र काढून म्युझियममध्ये जपायचे, ह्या व्यवहारातली विसंगती त्याच्या लक्षात आली नसेल असे मानण्याइतका तो भाबडा नव्हता.

लंडनच्या १८८६ च्या प्रदर्शनातली एक हकीकत इथे सांगितलीच पाहिजे, जरी ती लॉकवूडची करणी नव्हती. तिथे हिंदी कारागीर जिवंत आणून बसवले होते. लोकांनी यावे आणि ते काम कसे करतात ते पाहावे. त्यांतले बहुतेक आग्र्याच्या तुरुंगात काम शिकलेले कैदी होते. त्यांच्यात एक म्हातारा कुंभार होता, त्याचे वय एकशे दोन वर्षांचे आहे असे सांगितले जाई. लंडनच्या थंडीत, हजारो परक्या डोळ्यांसमोर, तो चाक फिरवत बसे. राणीने त्याचेही चित्र काढून घेतले आणि योगायोगाने त्याचे नाव राहिले: बक्षीराम. एका बाजूला रामसिंग आणि दुसऱ्या बाजूला हा बक्षीराम. एकाच चित्रकाराने, ऑस्ट्रियाच्या रुडोल्फ स्वोबोडाने, दोघांनाही रंगवले. एकाला शाळा मिळाली होती, दुसऱ्याला तुरुंग. लॉकवूडच्या कामाचे मोल मापायचे तर मी ह्या दोन चित्रांमधल्या अंतराने मापीन.

१८९१ मध्ये त्याने हिंदुस्थानातल्या पशुपक्ष्यांचे आणि माणसांचे नाते वर्णन करणारे एक पुस्तक प्रसिद्ध केले. बैल, गाढव, म्हैस, हत्ती ह्यांच्याबद्दल इथल्या म्हणींत आणि समजुतींत काय काय आहे ते त्याने त्यात गोळा केले आहे आणि चित्रेही भरपूर काढली आहेत. दोन वर्षांनी तो निवृत्त होऊन इंग्लंडला गेला आणि विल्टशायरमध्ये टिस्बरी ह्या खेड्यात राहू लागला. हात मात्र स्वस्थ बसेनात. १९०१ साली 'किम' पुस्तकरूपाने आली, तेव्हा तिच्यासाठी बापाने चित्रे काढली नाहीत, तर घडवली. किम, लामा आणि इतर पात्रे त्याने मातीच्या पट्टिकांवर उठावात घडवली आणि त्या पट्टिकांची छायाचित्रे पुस्तकात छापली. बर्स्लेमच्या उमेदवारीला तेव्हा जवळजवळ अर्धशतक लोटले होते. चेहऱ्याच्या उठावाला किती जाडी ठेवायची, सावली कुठे पाडायची, हे त्याचा अंगठा विसरला नव्हता. लेकाने शब्दांत उभे केलेले लाहोर बापाने मातीत उभे केले, आणि तेही हजारो मैलांवर, आठवणीने! माझ्या मते त्याच्या हातचे सर्वांत गोड काम हेच.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने २०१७ साली त्याच्यावर स्वतंत्र प्रदर्शन भरवले आणि त्याच वर्षी ते न्यूयॉर्कलाही गेले. लाहोरची त्याची शाळा आज नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स ह्या नावाने चालू आहे.

नोव्हेंबर १९१० मध्ये ॲलिस वारली. तिच्यामागे तो फार दिवस राहिला नाही. जानेवारी १९११ मध्ये त्याचे निधन झाले. त्या वेळी लाहोरच्या मेयो कलाशाळेत, ज्या खुर्चीवर पहिल्यांदा लॉकवूड बसला होता त्या प्राचार्याच्या खुर्चीवर, अमृतसरच्या सुताराघरचा रामसिंग बसलेला होता.